समुद्रापासून दूर राहून हर्डमानियाचा अभ्यास कसा करावा

दहावीच्या विज्ञानात पुच्छसमपृष्ठरज्जू प्राण्यांचे उदाहरण म्हणून हर्डमानिया या समुद्री प्राण्याचे नाव येते आणि बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्रात तो पुन्हा, बराच तपशील घेऊन, भेटतो. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील तालुक्याच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याला तो दिसतो तो फॉर्मॅलिनच्या बरणीत, रंग उडालेला, आक्रसलेला आणि बुडाशी चुरा साचलेला. ज्याने समुद्र कधी पाहिलेला नाही अशा मुलाने त्या बरणीकडे पाहून हा प्राणी जगतो कसा हे ताडावे, अशी आपण अपेक्षा करतो, आणि ती पूर्ण होत नाही यात त्या मुलाचा काही दोष नसतो. बरणीत प्राणी असतो, पण त्याच्या अंगातून वाहणारे पाणी नसते, आणि हर्डमानियाच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक भागाचे प्रयोजन त्या वाहत्या पाण्याशी बांधलेले आहे. म्हणून येथे अभ्यासाची सुरुवात वर्गीकरणाच्या तक्त्यापासून न करता पाण्यापासून केली आहे. साहित्य मोजकेच लागते: एक जुनी बरणी, हातभिंग, साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, तलावातील दोन-तीन शिंपले आणि जमल्यास एक सहल.

आधी त्याचे घर समजून घ्यावे

हर्डमानिया हा उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात एकेकटा राहणारा आणि प्रौढपणी जागेवरून न हलणारा प्राणी आहे. खडक, मृत प्रवाळ, बंदराचे खांब, धक्क्याच्या भिंती असा कोणताही टणक आधार त्याला चालतो. खडकावर तो रुंद बुडाने थेट चिकटतो, तर मऊ वाळूच्या तळावर त्याच्या कंचुकाचा, म्हणजे बाहेरच्या जाड आवरणाचा, खालचा भाग वाढून पायासारखा होतो आणि त्यात वाळूचे कण व शिंपल्यांचे तुकडे रुतून बसतात. भारताच्या दक्षिण किनाऱ्यावर, विशेषतः मन्नारच्या आखातात, तो जिवंत शंखाच्या पाठीवरही वाढलेला आढळतो. हा तोच शंख, जो आपल्या देवघरात असतो. बरणीतील नमुन्याच्या बुडाला हात लावून पाहिले तर तो कोणत्या तळावरून आला असावा याचा अंदाज बांधता येतो: वाळू रुतलेली असेल तर एक उत्तर, बूड सपाट आणि स्वच्छ असेल तर दुसरे. हे निरीक्षण दोन मिनिटांचे आहे, तरीही बहुतेक प्रात्यक्षिक-वह्यांत ते नसते.

या गटातील प्राण्यांचे शास्त्रीय वर्णन जुने आहे. हर्डमानिया मोमस ही जात साविन्यी या फ्रेंच अभ्यासकाने १८१६ साली वर्णिली, तीही वेगळ्या प्रजातीच्या नावाने. हर्डमानिया हे प्रजातीचे नाव पुढे १८८८ साली विल्यम हर्डमन या ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ दिले गेले. मोमस ही जात तांबड्या समुद्रातून, १८६९ साली खुल्या झालेल्या सुएझ कालव्यामार्गे, भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातही पोहोचली आहे, आणि तेथे ती प्रामुख्याने बंदरे, खांब, बुडालेली जहाजे अशा मानवनिर्मित आधारांवर दिसून आली. स्वतः न हलणारा प्राणी इतका पसरू शकतो याचे कारण त्याच्या डिंभावस्थेत, म्हणजे पोहणाऱ्या पिल्लाच्या अवस्थेत, आणि जहाजांच्या बुडांत आहे.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना आरंभीच ठामपणे सांगावी. हर्डमानिया ज्या गटात येतो त्या कंचुकधारी प्राण्यांपैकी एकही जात गोड्या पाण्यात राहत नाही. शरीरातील क्षारांचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा वेगळे राखण्याची पुरेशी सोय त्यांच्याकडे नाही, त्यामुळे पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी पाणी गोडावले तरी त्यांतील अनेक जाती मरतात. मामा (माजी मालगुजारी) तलावात पाण्यात बुडालेल्या काडीवर किंवा बांधाच्या दगडावर बुळबुळीत, जेलीसारखा गोळा दिसला आणि एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने तो हर्डमानिया म्हणून आणला, तर त्याला रागावू नये. तो बहुधा ब्रायोझोआ या सूक्ष्म प्राण्यांच्या गटातील वसाहत असतो, आणि हिरवट, खरखरीत, विशिष्ट वासाचा थर असेल तर गोड्या पाण्यातील स्पंज. भिंगाखाली पाहून तो जेथून आणला तेथे परत सोडावा.

पहिली पायरी: तलावातील शिंपल्याकडून पाणी गाळणे शिकावे

समुद्र नाही म्हणून गाळून खाणारा प्राणी जिवंत पाहता येणार नाही, असे नाही. पूर्व विदर्भातील तलाव-बोड्यांच्या चिखलात लॅमेलिडेन्स प्रजातीचे शिंपले अर्धवट रुतून बसलेले असतात. ते कोठे सापडतील हे जाळे टाकणाऱ्या ढिवर बांधवांना नेमके ठाऊक असते, म्हणून त्यांनाच विचारावे आणि दोन-तीनच शिंपले घ्यावेत. सोबत त्याच तलावाचे पाणी आणावे. नळाचे क्लोरीन घातलेले पाणी या कामासाठी वापरू नये.

दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्याव्यात आणि दोन्हींच्या तळाशी धुतलेली वाळू घालावी. नंतर तलावाचे हिरवट पाणी भरावे. गढूळ मातीचे पाणी घेतल्यास माती आपोआप खाली बसते आणि तुलना फसते, हिरवट पाण्यातील सूक्ष्म शैवाल मात्र तरंगत राहते. एका बरणीत शिंपला ठेवून दोन्ही बरण्या सावलीत, शांत जागी ठेवाव्यात. शिंपला उघडण्यास वेळ घेतो आणि टेबलाला धक्का लागला तरी मिटतो, म्हणून वर्गाला धीर धरायला सांगावे. काही तासांनी शिंपला असलेल्या बरणीतील पाणी स्पष्टपणे निवळलेले दिसते.

त्यानंतर बेकरीचे थोडे यीस्ट पाण्यात कालवून, ड्रॉपरने त्याचे एक-दोन थेंब शिंपल्याच्या उघड्या फटीजवळ अलगद सोडावेत. फटीत दोन छिद्रे दिसतात. खालच्या छिद्राच्या कडेला बारीक बोंडांची झालर असते, वरच्याची कड गुळगुळीत असते. पांढुरका ढग खालच्या छिद्राकडे ओढला जातो, आणि वरच्या छिद्राजवळ सोडलेला थेंब दूर ढकलला जातो. विद्यार्थ्यांनी हे स्वतः पाहिले की पाणी एका वाटेने आत, दुसऱ्या वाटेने बाहेर हा हर्डमानियाचा मूळ व्यवहार त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही. दोघांचे नाते मात्र जवळचे नाही, हे त्याच वेळी नोंदवावे. शिंपला मृदुकाय आहे आणि हर्डमानिया समपृष्ठरज्जू. सारख्या अडचणीवर दोन निराळ्या वंशांनी पक्ष्माभिकांच्या, म्हणजे सतत हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या, साहाय्याने सारखा मार्ग काढला आहे. काम संपल्यावर शिंपले त्याच दिवशी तलावात सोडावेत.

दुसरी पायरी: बरणी हाताळणे आणि नमुन्याची दिशा ठरवणे

नवीन नमुने मागवण्याच्या भरीस पडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ आणि २०१४ साली प्राणिविच्छेदनाबाबत दिलेल्या सूचनांनंतर महाविद्यालयांनी आहे त्या जुन्या संग्रहाचा नीट उपयोग करणे हेच योग्य आहे. बरणी खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत उघडावी, हातमोजे घालावेत, आणि नमुना निरीक्षणापूर्वी वाहत्या पाण्यात बराच वेळ धुऊन घ्यावा. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना व श्वासाला अपायकारक आहे, म्हणून मुलांना बरणीवर वाकू देऊ नये.

नमुना ताटलीत बूड खाली करून ठेवावा. साधारण सात ते दहा सेंटिमीटर उंचीच्या या शरीराच्या वरच्या भागात दोन नळीदार छिद्रे दिसतात आणि प्रत्येकाच्या कडेला चार पाळ्या असतात. एक मुख-छिद्र, ज्यातून पाणी आत येते, आणि दुसरे परिकोष्ठ-छिद्र, ज्यातून ते बाहेर जाते. दोन्हींची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे बाहेर टाकलेले पाणी लगेच पुन्हा आत ओढले जात नाही. मुख-छिद्राकडील टोक अग्र मानतात आणि दोन छिद्रांमधला आखूड भाग पृष्ठ बाजू. येथे विद्यार्थी हमखास गोंधळतात, कारण प्राण्याची पाठ म्हणजे लांबलचक बाजू असे त्यांच्या मनात असते. रूपांतरणाच्या वेळी शरीर फिरते आणि पृष्ठ बाजू आखडते, एवढे सांगून पुढे जावे. याचा उलगडा डिंभाच्या भागात होतो. जिवंत प्राणी गुलाबीसर असतो आणि छिद्रांच्या कडा लालसर असतात. आकृती रंगवताना बरणीतला पिवळट रंग देऊ नये.

तिसरी पायरी: कंचुक आणि त्याखालचे प्रावार

बाहेरचे जाड, चामड्यासारखे आवरण म्हणजे कंचुक. ते सेल्युलोजशी अगदी जवळचे नाते असलेल्या ट्युनिसिन या पदार्थाचे बनलेले असते, आणि प्राण्यांत सेल्युलोज तयार करण्याची क्षमता ही या गटाची खासियत आहे. कंचुक निर्जीव कवच नाही. त्यात पेशी असतात, सूक्ष्म कंटिका, म्हणजे काट्यांसारखे टणक कण, असतात आणि रक्तवाहिन्याही असतात. हातभिंगातून उजेडाकडे धरून पाहिल्यास या वाहिन्यांच्या फांद्या आणि त्यांची फुगीर टोके दिसतात. आधीच फाटलेला एखादा नमुना असेल तर शिक्षकाने त्याचा कंचुक कडेने कापून सर्वांसमोर एकदाच सोलून दाखवावा. तो आतल्या प्रावाराला, म्हणजे शरीराच्या भिंतीला, सगळीकडे चिकटलेला नसतो. दोन छिद्रांपाशी आणि रक्तवाहिन्या शिरतात त्या ठिकाणी तेवढा घट्ट असतो, म्हणून तेथे न ओढता कात्रीने सोडवावे.

प्रावारात स्नायूंचे पट्टे असून ते वरच्या बाजूला, छिद्रांभोवती, दाट असतात. धोका जाणवला किंवा आत काही मोठा कण शिरला की हे स्नायू एकदम आकुंचन पावतात आणि पाणी जोराने बाहेर फेकले जाते. खालचा भाग पातळ असल्याने आतील अवयव बाहेरूनच ओळखता येतात: डाव्या बाजूला आतड्याचे वेटोळे व त्यात एक जननग्रंथी, उजव्या बाजूला दुसरी जननग्रंथी आणि तिच्या जवळच हृदयाची नळी.

चौथी पायरी: कंटिकांची स्लाइड

सगळ्या प्रात्यक्षिकांत हे सर्वांत समाधान देणारे आहे, आणि त्यासाठी अख्खा नमुना खर्ची घालावा लागत नाही. बरणीच्या बुडाशी साचलेला प्रावाराचा चुरा पुरतो. नखाएवढा तुकडा परीक्षानळीत घेऊन त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालावे आणि मंद आचेवर, नळीचे तोंड कोणाकडेही न वळवता, मांस विरघळेपर्यंत काही मिनिटे तापवावे. नळी स्टँडमध्ये उभी ठेवली की तळाशी पांढरट साका बसतो. वरचे द्रावण काढून टाकून साका पाण्याने दोन-तीन वेळा धुवावा, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून व झायलॉलमधून नेऊन कॅनडा बाल्सम किंवा डीपीएक्स या पारदर्शक चिकट माध्यमात बसवावा. ओली तात्पुरती स्लाइड केली तरी पाहण्यापुरती चालते.

सूक्ष्मदर्शकाखाली दीड ते अडीच मिलिमीटर लांबीच्या, मधे फुगीर व दोन्ही टोकांना निमुळत्या मोठ्या कंटिका दिसतात. त्यांच्या अंगावर बारीक काट्यांची कडी ओळीने, सारख्या अंतरावर असतात. भिंग थोडे वर-खाली केले की ही कडी एकामागून एक स्पष्ट होत जातात. टाचणीच्या आकाराच्या, चाळीस ते ऐंशी मायक्रॉनच्या लहान कंटिका कंचुकात असतात, त्यामुळे त्या हव्या असल्यास कंचुकाचा तुकडा वेगळा उकळावा. या कंटिका कॅल्शियम कार्बोनेटच्या आहेत, तेही व्हॅटेराइट या निसर्गात क्वचित सापडणाऱ्या स्फटिकरूपात. आणखी एका स्लाइडवर सौम्य आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे दाखवावेत.

स्लाइडवर काहीच सापडले नाही, किंवा कंटिका झिजलेल्या व काटे गळालेल्या दिसल्या, तर विद्यार्थ्याचे हात चुकले असे लगेच समजू नये. जुने फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी होते आणि बरणीतच कंटिका खाऊन टाकते. लिटमस कागदाने बरणीतील द्रावण तपासावे. निळा कागद लाल झाला तर द्रावण बदलून नव्यात थोडा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, मिसळावा. जुने द्रावण नालीत, विहिरीजवळ किंवा तलावाच्या उतारावर ओतू नये. प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यासोबतच त्याची विल्हेवाट लावावी.

पाचवी पायरी: बोटाने पाण्याची वाट काढावी

आता मोठ्या कागदावर आडव्या छेदाची आकृती काढून पाण्याचा प्रवास बाणांनी दाखवावा. मुख-छिद्रातून आत आलेले पाणी प्रथम फांद्या फुटलेल्या स्पर्शिकांच्या वर्तुळातून जाते, जेथे मोठे कण अडतात. पुढे शरीराचा बराचसा भाग व्यापणारी ग्रसनी, म्हणजे घशाची पिशवी, लागते. तिची भिंत घड्यांची असून असंख्य कल्लाविदरांनी (कल्ल्यांच्या फटींनी) सच्छिद्र झालेली असते. विदरांच्या कडेची पक्ष्माभिका सतत हलत राहून पाणी ग्रसनीभोवतालच्या पोकळीत, म्हणजे परिकोष्ठात, ढकलते, आणि तेथून ते परिकोष्ठ-छिद्राने निघून जाते. सगळा प्रवाह या सूक्ष्म केसांच्या हालचालीवर चालतो. स्नायूंचे आकुंचन हे नेहमीच्या श्वसनाचे साधन नाही, हा फरक परीक्षेतही विचारण्यासारखा आहे.

पाणी जाते, पण अन्न कसे अडते? ग्रसनीच्या अधर (पोटाकडील) बाजूने जाणाऱ्या एंडोस्टाइल नावाच्या खाचेतून चिकट श्लेष्मा स्रवतो. त्याचा पातळ पापुद्रा ग्रसनीच्या दोन्ही भिंतींवरून पृष्ठ बाजूकडे सरकत असतो. त्यात एक-दोन मायक्रॉनचे कण, शैवाल आणि जिवाणू अडकतात, पृष्ठ पटलापाशी त्याची वळी होते आणि ती अन्ननलिकेत जाते. याच एंडोस्टाइलमध्ये आयोडीन बांधले जाते, आणि आपल्या गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे मूळ अभ्यासक त्यातच शोधतात. विष्ठा, उत्सर्जित द्रव्ये, अंडी व शुक्राणू यांनाही परिकोष्ठातूनच बाहेर जावे लागते. आकृतीवर चार रंगांचे बाण काढल्यास एका प्रवाहावर श्वसन, पोषण, उत्सर्जन आणि प्रजनन ही चारही कामे कशी बेतलेली आहेत हे उमगते.

हृदयाची नळी काही काळ रक्त एका दिशेने ढकलते, थांबते आणि मग उलट दिशेने ढकलू लागते. बरणीत हे दिसणे शक्य नाही. सिओना या पारदर्शक नातेवाइकाची चित्रफीत मोबाइलवर दाखवल्यास मुले ते स्वतः मोजू शकतात.

सहावी पायरी: डिंभ

वर्गीकरण येथे घ्यावे, कारण प्रौढ हर्डमानिया पाहून त्याला आपल्या संघात का घातले हे कोणालाही पटणार नाही, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक अभ्यासक या प्राण्यांना मृदुकायांच्या जवळचेच समजत होते. १८६६ साली रशियन भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी कंचुकधारी प्राण्यांच्या डिंभात पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतून जाणारा आधाराचा दांडा, आणि पाठीकडील पोकळ चेतारज्जू दाखवले, आणि हे नाते उलगडले.

हर्डमानिया उभयलिंगी आहे. अंडी व शुक्राणू समुद्रात सोडले जातात आणि फलन पाण्यात होते. उबदार पाण्यात साधारण अर्ध्या दिवसातच बेडकाच्या पिलासारखा, शेपटीचा डिंभ बाहेर पडतो. त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो, डोक्याकडे प्रकाश जाणणारा नेत्रक आणि तोल जाणणारा कर्णाश्म असतो, टोकाला चिकटण्यासाठी तीन उंचवटे असतात. तो अन्न घेत नाही. मिळालेले थोडे तास त्याला केवळ जागा शोधण्यासाठी असतात. या गटातील डिंभ सामान्यतः आधी उजेडाकडे वर जातात आणि नंतर अंधाऱ्या, सावलीच्या जागेकडे वळतात. म्हणून प्रौढ प्राणी खडकाच्या कपारीत, दगडाच्या खालच्या बाजूला, धक्क्याच्या सावलीत जास्त सापडतात. डोक्याने चिकटल्यानंतर शेपटी व पृष्ठरज्जू शोषले जातात, शरीर फिरून छिद्रे वर येतात आणि ग्रसनी वाढू लागते. दुसऱ्या पायरीत अडलेला पृष्ठ बाजूचा प्रश्न येथे सुटतो. डिंभाचे सहा टप्पे एका पट्टीवर विद्यार्थ्यांकडूनच काढून घेऊन बरणीशेजारी लावावेत.

सहल काढायची असेल तर

पावसाळा संपून समुद्र शांत झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. कोकणात भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया सोयीची, कारण भरती दुपारी दीड-सव्वादोनला येते आणि सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पाणी बरेच खाली गेलेले असते. अंदाज तिथीवरून बांधावा, पण जाण्याची वेळ छापील तक्ता आणि स्थानिक मच्छीमार यांना विचारूनच ठरवावी. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे संग्रहालय आधी पाहिल्यास किनाऱ्यावर नजर तयार होते. तेथे हर्डमानियाच दिसेल असे मुलांना आश्वासन देऊ नये. धक्क्याच्या खांबांवर आणि दगडांखाली कंचुकधारी प्राण्यांच्या वसाहती पाहणे हेही पुष्कळ आहे.

हर्डमानियाच हवा असेल तर बल्लारशाहकडील लोकांना पूर्व किनाऱ्याची वाट सोपी पडते. चेन्नईची थेट गाडी आणि तेथून रामेश्वरमच्या मार्गावरील मंडपम. तुतिकोरीन ते रामेश्वरम यांदरम्यानची २१ बेटे १९८६ पासून मन्नार आखात सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात, त्यामुळे बेटांवर परवानगीशिवाय उतरता येत नाही. मासेमारी व शंख काढणाऱ्या होड्यांच्या धक्क्यावर मात्र जाळ्यात अडकून आलेले प्राणी पाहता येतात.

किनाऱ्यावर प्रत्येक प्राण्याची नोंद एकाच पद्धतीने ठेवावी: आधार कोणता, उजेड की सावली, छिद्रे कोणत्या दिशेला, शेजारी कोण. उघड्या छिद्राजवळ ओल्या बोटाने एकदाच हलके टोचून ते मिटल्यापासून पुन्हा उघडेपर्यंतचा वेळ घड्याळात मोजावा. उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवावा. जिवंत प्रवाळ आणि समुद्रकाकडी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि आठवण म्हणूनही काही उचलू नये. पाणी वळले की शेवटच्या विद्यार्थ्यासह सर्वांनी वर यावे.

बरणीवरील चिठ्ठी

परतल्यावर महाविद्यालयातील जुन्या बरण्यांकडे पुन्हा पाहावे. मे महिन्यात आपल्याकडील उष्णतेने झाकणाच्या फटीतून द्रावण उडून जाते आणि नमुन्याचा वरचा भाग, म्हणजे नेमकी छिद्रे, उघडी पडून वाळतात. मार्चमध्येच पातळी भरून झाकणाच्या कडेला मेण लावावे. चिठ्ठीवर केवळ 'हर्डमानिया' एवढेच असते. जुन्या चिठ्ठ्यांवर पॅलिडा, काहींवर मोमस असे लिहिलेले सापडते, आणि या दोन जातींच्या मर्यादा पुढील काळात नव्याने आखल्या गेल्या असल्याने नमुना कोठून आला हे माहीत नसेल तर जात ठरवण्याचा आग्रह धरू नये. 'हर्डमानिया, जात अनिश्चित' असे लिहावे, त्याखाली खरेदीच्या नोंदवहीतून मिळेल ते वर्ष, बुडाच्या निरीक्षणावरून तळ वाळूचा की खडकाचा, आणि द्रावण शेवटचे बदलल्याची तारीख, हे पेन्सिलने जाड कागदावर लिहून चिठ्ठी बरणीच्या आत सोडावी.